श्वास रोखू नका: बोनेरच्या समुद्रात स्नॉर्केलिंग आणि स्कूबा

क्रालेनडाइक गावातून दक्षिणेकडे निघालं की रस्ता समुद्राला अगदी चिकटून जातो. डावीकडे खुरटी झुडपं, पुढे मिठागरं, उजवीकडे निळं पाणी. मधूनमधून रस्त्याकडेला पिवळ्या रंगाने रंगवलेला दगड दिसतो आणि त्यावर एक नाव. तो दगड हीच पाटी. इथे गाडी लावा आणि पाण्यात उतरा. बोटीची वाट बघायची नाही, जेटी शोधायची नाही. पिकअपच्या फाळक्यावर बसून सिलिंडर पाठीला लावायचं, मास्क आणि फिन्स (पायात घालायची वल्ही) हातात घेऊन खडकांवरून जपून चालत कमरेएवढ्या पाण्यात जायचं आणि पोहायला लागायचं. थोडं अंतर गेलं की खालचा तळ घसरत जातो आणि प्रवाळाची उतरण सुरू होते.

बोनेर हे कॅरिबियन समुद्रातलं बेट, व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून सुमारे ८० किलोमीटरवर. क्षेत्रफळ २८८ चौरस किलोमीटर. ऑक्टोबर २०१० पासून ती नेदरलँड्सची विशेष नगरपालिका आहे, त्यामुळे आम्हा हॉलंडमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना ॲमस्टरडॅमहून थेट विमानाने तिथे जाता येतं. आम्ही गेलो तेव्हा मिरजेची मावशी आमच्याकडे आलेली होती, तिलाही घेऊन गेलो. परत आल्यावर नातेवाइकांनी विचारलेले प्रश्न सगळे एकाच जातीचे होते. इतकं खोल जायचं तर भीती नाही वाटत? पोहता येत नसेल तर? सिलिंडरमधला ऑक्सिजन संपला तर? या प्रश्नांची उत्तरं साध्या भौतिकशास्त्रात आहेत आणि ती कळली की भीती बरीच कमी होते. म्हणून हे लिहिते आहे.

आधी एक गोष्ट सांगून टाकते. इथलं पाणी इतकं नितळ का? बोनेरवर पाऊस फार कमी पडतो, वर्षाला साधारण ५०० मिलिमीटर. नदी नाही. कोकणात पावसाळ्यात प्रत्येक खाडी लाल गाळ समुद्रात आणून ओतते, तसं इथे काही होत नाही. वारा जवळजवळ वर्षभर पूर्वेकडून वाहतो, म्हणून पूर्व किनाऱ्यावर लाटा आपटत असतात आणि पश्चिम किनारा बेटाच्या आडोशाला शांत राहतो. या बाजूला प्रवाळ काठापासून हाकेच्या अंतरावर. नेहमीच्या दिवशीही तीस मीटरपर्यंतचं सहज दिसतं. नवख्या माणसाला याचा फार मोठा आधार असतो, कारण पाण्याखाली घाबरायला होतं ते बहुतेक वेळा पुढचं दिसत नाही म्हणून.

नळी लांब का नसते

स्नॉर्केलिंग म्हणजे पाण्यावर पालथं तरंगायचं, तोंड पाण्यात, डोळ्यांवर मास्क आणि तोंडात एक वाकडी नळी. नळीचं टोक पाण्याबाहेर, त्यातून श्वास. मास्क नाकही झाकतो, म्हणून श्वास तोंडानेच घ्यायचा. पहिली पाच मिनिटं हेच अवघड जातं. शरीर सारखं नाकाने श्वास घ्यायला बघतं. म्हणून गुडघाभर पाण्यात उभं राहून, फक्त तोंड बुडवून, दहा-वीस श्वास सावकाश घ्यावेत. मावशीने तेच केलं. तिला पोहता येत नाही, म्हणून अंगात लाइफ जॅकेट आणि शेजारी मी. स्नॉर्केलिंगला पोहण्याची कला लागत नाही, तरंगणं पुरतं. पण एकट्याने जायचं नाही, कितीही चांगलं पोहता येत असलं तरी.

लहान मुलं हमखास विचारतात, नळी दोन मीटर लांब केली तर तळाशी बसून श्वास घेता येईल की! येत नाही, आणि का येत नाही त्यातच पुढचं सगळं दडलेलं आहे. पाण्याला वजन असतं. फक्त एक मीटर खाली गेलं तरी अंगाच्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर सुमारे १०० ग्रॅम जास्तीचा भार येतो. छातीचा हजार-एक चौरस सेंटीमीटर भाग धरला तर तो भार १०० किलो होतो. आत फुप्फुसात मात्र नळीतून आलेली वरची साधी हवा. छातीचे स्नायू हे ओझं उचलून श्वास आत ओढूच शकत नाहीत. शिवाय लांब नळीत आपणच सोडलेली हवा अडकून राहते आणि तीच पुन्हा आत येते. म्हणून नळी हातभराहून लांब करत नाहीत.

वीसेक मिनिटांनी मावशीने डोकं वर काढलं आणि नळी तोंडातून काढून म्हणाली, "अगं, खाली कोणीतरी कुरमुरे खातंय!" तिला बरोबर ऐकू आलं होतं. तो पोपटमासा. पोपटासारख्या चोचीने तो खडकावरचं शेवाळ खरवडतो, त्याबरोबर मेलेल्या पोवळ्याचा चुराही तोंडात जातो, तो घशातल्या दातांनी दळला जातो आणि मागून बारीक वाळू होऊन पडतो. या समुद्रातल्या पांढऱ्या वाळूचा बराच भाग असाच तयार झालेला आहे. पाण्यात आवाज हवेपेक्षा चारपटीहून अधिक वेगाने जातो, त्यामुळे तो कुठून येतोय ते आपल्या कानांना ठरवता येत नाही. मावशी म्हणूनच गोल गोल फिरून बघत होती.

घाटातले दडे आणि समुद्रातले दडे

कसारा किंवा खंबाटकी घाटात कानाला दडे बसतात, मग आपण आवंढा गिळतो आणि कान मोकळे होतात. पाण्याखाली हेच होतं, पण फार लवकर. जमिनीवर आपल्या अंगावर हवेचा एक वातावरण इतका दाब असतो. समुद्रात दर दहा मीटरला आणखी एक वातावरण वाढतं. म्हणजे दहा मीटरवर दोन, वीसवर तीन, तीसवर चार. कानाच्या पडद्याच्या आतली हवा आक्रसते आणि पडदा आत ओढला जातो. उपाय सोपा आहे. मास्कवरून नाक चिमटीत धरायचं आणि हलकेच नाकात फुंकायचं, की घशातून कानाकडे जाणारी बारीक नळी उघडून आत हवा जाते. दुखायला लागण्याआधी, दर अर्ध्या-एक मीटरला हे करत राहायचं.

सर्दी असेल तर ती नळी सुजलेली असते आणि उघडत नाही. एकदा थोडीशीच सर्दी आहे म्हणून मी उतरले होते. चार मीटरवर कानात सुई टोचल्यासारखं झालं. तिथूनच वर आले आणि उरलेली सकाळ काठावर बसून काढली. जोर लावून खाली गेले असते तर पडदा फाटला असता. सर्दीच्या दिवशी पाण्यात उतरू नका, तुमचे पैसे भरून झालेले असले तरीही.

एकच नियम पाठ करायचा असेल तर

आता खरा विषय. स्कूबामध्ये, म्हणजे पाठीवर हवेचं सिलिंडर घेऊन पाण्याखाली जाताना, तोंडात असतो रेग्युलेटर. १९४३ साली फ्रान्समध्ये जाक कुस्तो आणि एमिल गान्यां या दोघांनी तो आजच्या वळणावर आणला. त्याचं काम असं: आपण श्वास ओढला की तेवढीच हवा द्यायची, आणि ती आजूबाजूच्या पाण्याच्या दाबाइतक्या दाबाने द्यायची. दहा मीटरवर दुप्पट दाबाची हवा, वीसवर तिप्पट. बाहेरून जितकं दाबलं जातंय तितकाच आतून आधार. म्हणून लांब नळीने जे जमत नाही ते सिलिंडरने सहज जमतं आणि वीस मीटरवरही छातीवर काही ओझं जाणवत नाही.

पण या सोयीची दुसरी बाजू आहे. समजा दहा मीटरवर तुम्ही छाती भरून सहा लिटर हवा घेतली. ती दुप्पट दाबाची आहे. आता श्वास कोंडून धरला आणि वर आलात, तर दाब निम्मा होतो आणि त्याच हवेला बारा लिटर जागा लागते. फुप्फुसात तेवढी जागा नसते. ते फाटतं, हवेचे बुडबुडे रक्तात शिरतात आणि मेंदूपर्यंत जाऊ शकतात. माणूस यात दगावतो. यासाठी फार खोलीही लागत नाही, छाती गच्च भरलेली असेल तर दीडेक मीटर वर येणंही पुरतं. म्हणून कुठल्याही देशात, कुठल्याही संस्थेत शिका, पहिल्या तासाला पहिलं वाक्य हेच ऐकायला मिळेल: श्वास कधीही रोखू नका. सावकाश आत, सावकाश बाहेर, अखंड.

इथे अनेकांचा गोंधळ होतो. स्नॉर्केल करणारा माणूस दम धरून पाच मीटर बुडी मारतो आणि वर येतो, त्याला काही कसं होत नाही? कारण त्याने हवा वर घेतली होती. खाली जाताना ती आक्रसली, वर येताना पुन्हा मूळ आकाराची झाली, त्याहून जास्त होण्याचा प्रश्नच नाही. स्कूबावाल्याने हवा खाली, दाबाखाली घेतलेली असते. फरक एवढाच आहे, पण तो जिवाचा आहे.

दम धरून बुडी मारणाऱ्यांसाठी वेगळा धोका आहे. जास्त वेळ खाली राहता यावं म्हणून काही जण आधी भराभर वीस-पंचवीस श्वास घेतात. श्वास घ्यावासा वाटतो तो अंगात कार्बन डायऑक्साइड साठला की. भराभर श्वासांनी तो आधीच निघून जातो, मग वर येण्याची हाक मिळतच नाही, इकडे ऑक्सिजन संपत येतो आणि माणूस पाण्यातच बेशुद्ध पडतो. दोन-तीन शांत श्वास घ्यावेत आणि मन म्हणालं की वर यावं.

हवेचा हिशेब

सिलिंडरमध्ये ऑक्सिजन भरलेला नसतो. असते ती आपली रोजचीच हवा, गाळून, कोरडी करून, दाबून भरलेली. नेहमीचं ॲल्युमिनियमचं सिलिंडर सुमारे ११ लिटरचं असतं आणि त्यात २०० बार दाबाने (एक बार म्हणजे साधारण एक वातावरण) हवा असते, म्हणजे जवळजवळ २२०० लिटर. नवखा माणूस मिनिटाला साधारण २० लिटर हवा घेतो. जमिनीवर बसून घेतली तर ती ११० मिनिटं पुरेल. दहा मीटरवर प्रत्येक श्वासात दुप्पट हवा जाते, म्हणून ५५ मिनिटं. वीसवर ३७ च्या आसपास, तीसवर २७. त्यातही शेवटचे ५० बार राखीव ठेवून वर यायचं असतं. समोर लोंबणाऱ्या काट्यावर किती उरली ते सतत दिसतं, त्यामुळे हवा अचानक संपत नाही. दुर्लक्ष केलं तर संपते. आणि सोबत्याच्या सिलिंडरला एक जास्तीचा रेग्युलेटर असतोच, बहुधा पिवळा, तो अशाच वेळेसाठी.

घाबरलेला माणूस धापा टाकतो आणि हवा दुप्पट वेगाने संपवतो. शांत माणसाला तेच सिलिंडर जास्त वेळ पुरतं. याला व्यायामापेक्षा सवय जास्त लागते.

गोटी सोड्याची बाटली

हवेत ७८ टक्के नायट्रोजन. शरीराला तो लागत नाही, आपण तो घेतो आणि सोडतो. पण दाबाखाली तो रक्तात आणि चरबीत विरघळू लागतो. जितकं खोल आणि जितका वेळ, तितका जास्त. गोटी सोड्याची बाटली आठवा. गोटी जागेवर असेपर्यंत आत फक्त पाणी दिसतं. अंगठ्याने गोटी आत ढकलली की फस्सकन बुडबुडे. डायव्हर वेगाने वर आला तर त्याच्या सांध्यांत, रक्तात हेच होतं. सांधे ठणकतात, बधिरपणा येतो, जास्त झालं तर लकवा. गोटी सावकाश, जरा जरा सोडली तर बुडबुडे फसफसत नाहीत, म्हणून वर यायचं ते मिनिटाला नऊ मीटरहून जास्त वेगाने नाही, आणि पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं. मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर हा हिशेब सतत ठेवत असतो. त्याने सांगितलेलं ऐकायचं.

विमानात केबिनचा दाब जमिनीपेक्षा कमी असतो, म्हणजे गोटी आणखी थोडी उघडते. त्यामुळे शेवटच्या डाइव्हनंतर निदान १८ तास विमानात बसायचं नाही. बोनेरला शेवटचा दिवस म्हणूनच कोरडा ठेवतात. आम्ही तो दक्षिण टोकाला घालवला. गुलाबी मिठागरं, लांबवर फ्लेमिंगोंचे थवे आणि समुद्राच्या काठाला ओळीने उभी असलेली दगडी खोपटी. मिठागरात राबणाऱ्या गुलामांना १८५० च्या सुमारास बांधून दिलेली. आत धड उभंही राहता येत नाही. डच वसाहतींत गुलामगिरी १८६३ साली संपली. मावशी एका खोपटीत वाकून शिरली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

श्वासावर तरंगणं

गावाकडे विहिरीत पोहायला शिकताना पाठीला सुका भोपळा बांधत. डायव्हरच्या अंगातलं जॅकेट म्हणजे असा भोपळा, ज्यात हवा कमी-जास्त करता येते. शिशाची वजनं खाली ओढतात, जॅकेटमधली हवा वर. दोन्ही तोलले की माणूस ना बुडतो ना वर जातो, अधांतरी राहतो. त्यानंतरचा बारीक तोल फुप्फुसांनी साधायचा. श्वास घेतला की एखाद-दीड क्षणाने शरीर वीतभर वर सरकतं, सोडला की खाली. एका मोठ्या मेंदू-पोवळ्यावरून (मेंदूसारख्या वळ्या असलेलं गोल पोवळं) जाताना मी नुसता श्वास घेतला आणि हातपाय न हलवता त्याच्यावरून तरंगत गेले. ते पहिल्यांदा जमलं तो क्षण अजून अंगात आहे.

या तोलावरच पोवळ्यांचा जीव अवलंबून असतो. मेंदू-पोवळं वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतं. डोक्याएवढं व्हायला त्याला कित्येक दशकं लागलेली असतात, आणि फिनचा एक फटका ते मोडायला पुरेसा आहे. बोनेरला हे फार लवकर कळलं. १९६२ साली एका शिडाच्या जहाजातून आलेले कॅप्टन डॉन स्ट्युअर्ट हे अमेरिकन सुरुवातीला शोभेचे मासे पकडून विकत. पुढे तेच प्रवाळाचे राखणदार झाले. नांगर टाकल्याने पोवळी चिरडतात म्हणून होड्या बांधायला कायमची बोयरी, म्हणजे तळाला अडकवलेले तरंगते गोळे, बसवण्यासाठी ते झटले. २०१४ साली वारले तेव्हा बेटावर त्यांना न ओळखणारा माणूस नव्हता. भाल्याने मासे मारायला इथे १९७१ पासून बंदी, पोवळी तोडायला १९७५ पासून. १९७९ मध्ये बेटाभोवतीचा सगळा समुद्र, भरतीच्या रेषेपासून ६० मीटर खोलीपर्यंत, सागरी उद्यान झाला.

आजही उद्यानाचं शुल्क भरल्याशिवाय आणि नियम समजून घेतल्याशिवाय पाण्यात उतरता येत नाही. डायव्हरला पहिली डाइव्ह किनाऱ्यालगत, स्वतःचा तोल तपासण्यासाठी करावी लागते. हातमोजे घालायला मनाई आहे. मला सुरुवातीला याचं नवल वाटलं होतं, पण कारण अगदी पटण्यासारखं आहे: हातात मोजे असले की माणूस बिनधास्त कशालाही धरतो.

एवढं जपूनही सगळं ठीक आहे असं नाही. १९८३-८४ मध्ये एका रोगाने संपूर्ण कॅरिबियनमधले शेवाळ खाणारे लांब काट्यांचे काळे समुद्री साळू जवळजवळ संपले. शेवाळ माजलं आणि पोवळ्यांची जागा घेऊ लागलं. म्हणून पोपटमाशाचं महत्त्व एवढं, आणि म्हणून बोनेरवर तो पकडायला बंदी आहे. फ्लोरिडात २०१४ साली दिसलेला, पोवळ्याचं जिवंत आवरण झडवून टाकणारा एक रोग २०२३ मध्ये बोनेरला पोचला. एरवी शेकडो वर्षं जगणारं पोवळं त्याने काही आठवड्यांत पांढरं होतं. मी एकावर तो बघितला. अर्धा भाग हिरवट-तपकिरी, जिवंत, आणि त्याला लागून चुन्यासारखा पांढरा पट्टा. म्हणून डाइव्हनंतर सगळी साधनं जंतुनाशक पाण्यात बुडवून धुवायची. दोन मिनिटांचं काम आहे, कंटाळा करू नका. उन्हासाठी अंगभर लोशन चोपडण्याऐवजी लांब बाह्यांचा पोहण्याचा सदरा घाला. पाठ भाजत नाही आणि लोशन पाण्यातही मिसळत नाही.

सुरुवात कुठून

मालवण-तारकर्लीला बरेच जण जी करतात ती चाचणी डाइव्ह असते. प्रशिक्षक तुम्हाला धरूनच असतो, सगळी साधनं तोच सांभाळतो. अनुभव म्हणून ती छान आहे. ती आवडली तर पुढचा 'ओपन वॉटर' अभ्यासक्रम करा. साधारण तीन-चार दिवस लागतात, वय किमान १० वर्षं, २०० मीटर पोहता यायला हवं आणि दहा मिनिटं तरंगता. त्यानंतर जोडीदारासोबत १८ मीटरपर्यंत जाता येतं. आरोग्याच्या प्रश्नावलीत दमा, हृदयविकार, फिट्स यांबद्दल विचारतात. तिथे खरं लिहा आणि गरज असेल तर आधी डॉक्टरांकडे जा.

बोनेरवरच्या 'हिल्मा हूकर' या ७२ मीटर लांबीच्या बुडालेल्या जहाजाचं सगळ्यांनाच आकर्षण असतं. त्यात गांजा सापडला होता आणि १९८४ च्या सप्टेंबरात ते किनाऱ्याजवळच बुडालं. पण ते जवळजवळ ३० मीटर खोलीवर आहे, म्हणजे पुढचं प्रशिक्षण घेतल्यावरच. नवख्याने उत्तरेकडच्या 'हजार पायऱ्या' नावाच्या जागी जावं. पायऱ्या प्रत्यक्षात सत्तरच्या आसपास आहेत, सिलिंडर घेऊन परत चढताना हजार वाटतात. तिथे स्नॉर्केल करणाऱ्यांनाही कासवं दिसतात.

मावशीला दिसलं होतं एक, पण धूसर. पाण्याखाली मास्कमधून वस्तू जवळ आणि साधारण एकतृतीयांशाने मोठ्या दिसतात, तरी चष्म्याचा नंबर काही जात नाही. तिचा उणे चार आहे. दुकानात नंबराच्या काचा बसवलेले मास्क मिळतात हे आम्हाला चौथ्या दिवशी कळलं. पाचव्या दिवशी ती तो लावून उतरली आणि कासव गवत खाऊन होईपर्यंत वर आलीच नाही.